जवसाचं जेल गरम असतानाच गाळा
कुरळ्या केसांना लावायचं जवसाचं जेल गाळलंच जात नाही, असं तुमच्यापैकी कुणी म्हणत असाल, तर ते थंड झाल्यावर गाळत असणार. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, गॅसवर ठेवून सतत ढवळायचं. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गॅस बंद आणि लगेच गाळणीतून खाली. मी एकदा फडक्यातून पिळायला गेले आणि हात भाजून घेतला. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

लावताना केस निथळते ओले हवेत. मग जुन्या सुती टी-शर्टने खालून वर मुठीत दाबायचे. टॉवेलने खसाखसा पुसलेत तर पिंजारलेच! वाळल्यावर पापडासारखे कडक लागतात, घाबरू नका. थेंबभर खोबरेल हाताला चोळून चुरगाळले की मऊ. कोरड्या केसांत कंगवा मात्र नाही. आईचं अजून चालूच असतं, "विंचरून तरी जा गं."