नवी फायबर बोट: वळणावर इंजिन हवा खातं, ट्रान्सममधून पाणी झिरपतं, डीलर हात झटकतोय

खाडीकाठ (देवबाग):

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या तोंडावर २४ फुटी फायबर बोट घेतली. ६० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन), स्टेअरिंग, बॅटरी, ट्रेलर सगळं धरून साडेबारा लाख. एकच डीलर, एकच बिल. बोट बांधणारा कारखाना वेगळा आणि इंजिन कंपनी वेगळी, पण इंजिन बसवून, वायरिंग करून चावी हातात दिली ती डीलरने. बोट मी स्वतः चालवतो, सोबतीला चुलतभाऊ. देवबागहून संगमावर, त्सुनामी आयलंडला आणि समुद्र शांत असला की डॉल्फिन दाखवायला पर्यटकांना नेतो. घर यावरच चालतं, बँकेचा हप्ताही यातूनच जातो.

सरळ चालताना बोट छान धावते. पण जोरात वळण घेतलं किंवा लाटेवर मागची बाजू उचलली गेली की इंजिनाची रेस एकदम वाढते आणि बोट जागच्या जागी बसते. पंखा पाणी धरतच नाही. थ्रॉटल खाली आणला की पुन्हा धरतो. माणसं भरलेली असली की कमी, रिकाम्या बोटीत जास्त. अशा वेळी इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार तुटक होते, मधूनच ओव्हरहीटचा अलार्म वाजतो आणि इंजिन आपोआप मंद होतं.

दुसरी तक्रार ट्रान्समची, म्हणजे बोटीच्या ज्या मागच्या भिंतीवर इंजिन टांगतात तिची. इंजिनाच्या बोल्टांजवळ केसासारख्या भेगा दिसायला लागल्यात. बोट ट्रेलरवर ओढून ठेवली की खालच्या बोल्टाच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपतं, पांढऱ्या जेलकोटवर (फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) त्याचा ओघळ उमटतो. नव्या बोटीतून तपकिरी पाणी!

डीलरने माणूस पाठवला. त्याने इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा पंपातला पंखा) बदलला, त्याचे पैसेही घेतले. फरक शून्य. आता डीलर म्हणतो इंजिनाचं कंपनीला विचारा, आणि भेगा पडल्या कारण तुम्ही बोट वाळूवर आपटलीत. कंपनीचा माणूस म्हणतो इंजिन नीट आहे, डीलरशी बोला. कारखानदार फोन उचलत नाही.

कर्ली नदीच्या मुखाशी लाटा कशा फुटतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तिथे इंजिनाने दगा दिला तर बोट लाटेला आडवी होते. बोटीत लोकांची लहान पोरं असतात. म्हणून समुद्रातल्या फेऱ्या मी बंद केल्यात, फक्त खाडीत फिरवतो. ऐन सीझन आहे आणि आलेलं गिऱ्हाईक शेजारच्या बोटीवर पाठवावं लागतंय.

गावातला मेस्त्री म्हणतो, भेगांवर फायबरचा थर मारून देतो. मारू का? आणि या डीलरकडून काम करून घ्यायचं कसं?

फायबर_मेस्त्री (अलिबाग):

भाऊ, थर अजिबात मारू नका. आज झाकलंत तर उद्या डीलर म्हणेल, बाहेरच्या माणसाने हात लावला, वॉरंटी संपली. शिवाय आत शिरलेलं पाणी आतच कोंडेल.

इंजिनाबद्दल माझा अंदाज सांगतो, पण आधी माप घ्या. आउटबोर्डची शाफ्ट (इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा) ठरावीक लांबीत येते: १५, २० आणि २५ इंच. ट्रान्समची उंची त्याला जुळावी लागते. बोट ट्रेलरवर सपाट उभी करा, इंजिन सरळ खाली सोडा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या साधारण रेषेत हवी, एखादा इंच इकडेतिकडे चालतं. तळाला मधोमध अॅल्युमिनियमची सरळ ट्यूब धरा, मागे इंजिनापर्यंत न्या आणि पट्टी ट्यूबच्या किती वर आहे ते मोजा. इंजिन जिथे टांगलंय त्या कडेपासून तळापर्यंत ट्रान्समची उंचीही मोजा. टेप लावलेला असताना फोटो काढा, आकडा दिसला पाहिजे.

पट्टी फार वर असेल तर वळणावर पंखा हवा ओढणार, बोट उचलली की पाणी आत घेण्याची जाळीही हवा ओढणार. मग अलार्म वाजणारच. इम्पेलर कितीही बदला, काही फरक पडणार नाही. तसं निघालं तर इंजिन कंपनीचा माणूस खरं बोलतोय. इंजिन नीट आहे, ते चुकीच्या बोटीवर बसवलंय, आणि ते काम डीलरचं.

ट्रान्समसाठी नाण्याने किंवा प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत बोल्टांपासून बाहेर जा. घट्ट असेल तिथे कडक आवाज येतो, सुटलं असेल तिथे बसका. बसका आवाज येईल तेवढा भाग पेन्सिलीने आखा आणि व्हिडिओ करा. तपकिरी पाणी म्हणजे आतल्या प्लायवुडपर्यंत पाणी गेलंय. बोल्टाची भोकं सीलंट न भरता सोडली की हेच होतं. वाळूवर आपटल्याची खूण नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) आणि तळाला दिसते, बोल्टाच्या भोकात नाही. तळाचेही फोटो काढून ठेवा.

बोल्ट मात्र स्वतः काढू नका. तो डीलरच्या माणसासमोर निघाला पाहिजे.

खाडीकाठ (देवबाग):

मेस्त्री, तुमचे पाय धरायला हवेत. आज ओहोटीला बोट वर घेऊन मोजलं. पट्टी तळाच्या वर सव्वाचार इंच! ट्रान्सम चोवीस इंचांच्या थोडा वर आणि इंजिनाच्या कागदावर २० इंची शाफ्ट लिहिलेली. टकटक केल्यावर उजव्या खालच्या बोल्टाभोवती हाताच्या पंजाएवढा भाग बसका वाजतो. तळावर घासल्याची रेघसुद्धा नाही.

इतके दिवस मला वाटत होतं इंजिनच खराब आलं. आता एवढं हातात आहे, तर पुढे कायद्याने काय करता येतं? डीलर फोनवर म्हणाला, "धंद्यासाठी घेतलीय ना बोट, मग ग्राहक कोर्टात तुमचं कोण ऐकणार?"

वकिली_वही (कुडाळ):

ते वाक्य डीलर मंडळी नेहमी ऐकवतात. ते अर्धंच खरं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे, पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ही व्यापारी हेतूची धरायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात हे उलगडून सांगितलंय: स्वतः चालवणारा माणूस मदतीला एकदोघं घेत असला तरी ग्राहकच राहतो. तुम्ही स्वतः चालवता, सोबत चुलतभाऊ आहे, दुसरं उत्पन्न नाही. हे तक्रारीच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा. ते लिहायचं राहिलं तर समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच करतो.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात (डीलर म्हणतो ते ग्राहक कोर्ट हेच) करता येते, डीलरच्या शहरात जायची गरज नाही. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी दिलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमच्या रकमेला फी ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करण्याची सोयही आहे. डीलर, कारखानदार आणि इंजिन कंपनी तिघांनाही पक्षकार करा. कोणाचा दोष किती हे त्यांना एकमेकांत भांडू द्या. मागणी दुरुस्तीची, बदलून देण्याची किंवा व्याजासह पैसे परत मिळण्याची, आणि नुकसानभरपाईची करता येते. दोष तपासल्याशिवाय कळणारा नसेल तर आयोग तो तपासायलाही पाठवू शकतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याहून वेळ लागतो. म्हणून नोटिशीवरच काम झालं तर तुमचा सीझन वाचेल.

त्यासाठी आता फोन बंद, सगळं लेखी. बिलाची तारीख, बोटीचा आणि इंजिनाचा नंबर, अवरमीटरचं (इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचं) रीडिंग, मेस्त्रींनी सांगितलेली मापं, फोटो, आणि "अमुक तारखेपर्यंत संयुक्त पाहणी करून दुरुस्त करा" एवढंच. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत. स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, तेच ईमेलवरही. साधारण १५ दिवसांची मुदत द्या. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, काही वेळा तेवढ्यावरही डीलर जागा होतो. इम्पेलर बदलला त्याचं जॉब कार्ड मागून घ्या. तक्रार काय नोंदली होती ते त्यात असतं, आणि तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं याचा तो डीलरच्याच घरचा पुरावा आहे. फेऱ्या बंद केल्यामुळे गिऱ्हाइकांना आगाऊ रकमा परत केल्या असतील तर त्यांच्या यूपीआय नोंदीही जपा.

हर्णै_बंदर:

आमच्याकडे एका मासेमारी बोटीचं असंच झालं होतं. डीलर ऐकेना, तेव्हा आम्ही त्याला समुद्रात घेऊन गेलो. स्टेअरिंग त्याच्याच हातात दिलं. पंखा सुटल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं बघून आम्हाला काही बोलावंच लागलं नाही. आणि हो, फेसबुकवर नाव घेऊन लिहू नका. काम व्हायचं ते अडतं आणि बदनामीची नोटीस वर येते.

खाडीकाठ (देवबाग):

सगळ्यांना कळवतो. नोटीस पाठवली, हेल्पलाइनवरही नोंदवलं. मुदत संपायच्या आत डीलरचा फोन आला, आवाज मऊ. पुढच्या आठवड्यात तो स्वतः, कारखान्याचा माणूस आणि इंजिन कंपनीचा टेक्निशियन येणार आहेत. पण त्याचं आधीच चाललंय, "ट्रान्सम वरून चार इंच कापतो, इंजिन खाली बसवतो, एका दिवसाचं काम."

माझं मन घेत नाही. मागून लाट आली तर? त्याला काय सांगू?

फायबर_मेस्त्री (अलिबाग):

नाही म्हणून सांगा. नदीच्या मुखातून आत येताना लाट मागूनच येते, तिथे चार इंच कमी म्हणजे पाणी सरळ बोटीत. तुमचा ट्रान्सम उंच आहे ते चांगलंच आहे, त्याला जुळणारी २५ इंची शाफ्ट हवी. इंजिन बदलून मागा. त्यांना परवडत नसेल तर कंपनीच्याच किटने शाफ्ट लांब करता येते का ते टेक्निशियनला तोंडावर विचारा आणि उत्तर लिहून घ्या. ट्रान्सममधलं भिजलेलं प्लायवुड पूर्ण काढून नवीन मरीन प्लाय, आयएस ७१० मार्कचं, घालायला लावा. नुसतं वाळवून वरून फायबर चढवणं मान्य करू नका.

ते आले की बोल्ट त्यांच्याच हाताने काढायला लावा आणि शूटिंग चालू ठेवा. टेक्निशियन लॅपटॉप जोडेल तेव्हा अलार्मच्या नोंदी आणि किती आरपीएमला किती तास चाललंय ते वाचून घ्या, प्रिंट मागा.

वकिली_वही (कुडाळ):

पाहणीचा कागद जागेवरच करा, तिघांच्या सह्या घ्या. "ग्राहक समाधानी आहे" असं छापलेला फॉर्म पुढे केला तर काम पूर्ण होऊन समुद्रात चाचणी होईपर्यंत त्यावर सही करू नका. चाचणी रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही बोटीत, वळणासकट घ्या. नव्या ट्रान्समची आणि इंजिनाच्या जोडणीची वॉरंटी त्या तारखेपासून नव्याने सुरू होईल हे लेटरहेडवर लिहून घ्या. पाहणीचा कागद झाला की नावं झाकून इथे टाका, तुम्ही सही करण्याआधी बघून सांगतो.