इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला लागताना उपप्रकारांची नावं शिकावीत का?

रात्रपाळी

ऑफिसातल्या एका बावीस वर्षांच्या मुलीने परवा विचारलं, "तुम्ही रात्रभर हेडफोन लावून जे ऐकता ते मलाही ऐकायचंय. पण हाउस, डीप हाउस, टेक हाउस, प्रोग्रेसिव्ह हाउस ही यादी वाचूनच मी नाद सोडला." मी म्हटलं, नावं शीक, त्यातूनच वाट सापडेल. त्यावर शेजारच्या टेबलावरून चौघे माझ्यावर तुटून पडले. त्यांचं म्हणणं, नावांनीच माणूस बिचकतो.

मला नावं म्हणजे घरांचे पत्ते वाटतात. हाउस हे नाव शिकागोच्या 'वेअरहाउस' क्लबवरून आलं असं मानतात. १९७७ पासून तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे रेकॉर्डी लावायचा. नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण, ज्यांना त्या शहरात मोकळं व्हायला जागा कमी होत्या. १२ जुलै १९७९ ला त्याच शहरात बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला गेला. डिस्कोची लाट ओसरली, पण या पोरांचं नाचणं थांबलं नाही. पुढच्या काही वर्षांत त्यांनी ड्रम मशीन, म्हणजे ठेका वाजवणारं यंत्र, घेऊन स्वतःचं संगीत उभं केलं.

अ‍ॅसिड हाउसमधलं 'अ‍ॅसिड' म्हणजे एका यंत्राचा आवाज. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे एकट्या गिटारवाल्याला बेसची, म्हणजे खालच्या सुरांची, साथ मिळावी म्हणून काढलेलं. ते चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या फ्यूचर या गटाने त्याची बटणं वाजत असतानाच पिळली, आणि तो चिरकणारा, वळवळणारा आवाज १९८७ मध्ये रेकॉर्डवर आला. हे एकदा कळलं की तो आवाज कुठेही ओळखता येतो. मग नाव पाठ करावं लागत नाही.

ताशा

सपशेल असहमत. मी नऊ वर्षं ढोलपथकात आहे. नवीन पोरगं आलं की आम्ही कंबरेला ढोल बांधतो, हातात टिपरू देतो आणि रांगेत उभं करतो. हात बसला की ठेक्याचं नाव आपोआप कळतं. तुम्ही त्या मुलीला रांगेत उभं करण्याआधी तोंडी परीक्षेला बसवताय.

आणि ही नावं इतकी पवित्र आहेत का? १९८८ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या संगीताचं संकलन इंग्लंडमध्ये निघत होतं. त्याच्या नावात आधी 'हाउस' येणार होतं, ऐन वेळी 'टेक्नो' झालं. वेष्टणावरचा एक शब्द बदलला आणि आज लोक त्यावरून भांडतात. नावं दुकानदाराला लागतात, खोकी लावायला. नाचणाऱ्याला त्यांचं काय?

रात्रपाळी

ताशा, किस्सा बरोबर आहे, पण अर्धा. तो शब्द दुकानदाराने आणला नाही. त्या संकलनासाठी डेट्रॉइटच्याच वॉन ॲटकिन्स या संगीतकाराने दिलेल्या तुकड्याच्या नावातच 'टेक्नो' होतं, आणि १९८४ मध्येही त्याने तो शब्द वापरला होता. तो, डेरिक मे आणि केव्हिन साँडर्सन हे तिघे डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलला शाळेत एकत्र होते. शिकागोवाले जे करतात त्याहून आमचं वेगळं आहे, हे सांगायला त्यांच्यातल्याच एकाने तो शब्द धरून ठेवला. करणाऱ्याने स्वतः ठेवलेलं नाव आपण खोक्यावरची चिठ्ठी म्हणून फेकायचं? आज कितीतरी श्रोत्यांना टेक्नो म्हणजे बर्लिनचंच वाटतं. डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय तरुण त्यांच्या गावीही नसतात. याचा मला खरंच त्रास होतो.

म्हापशेकार

पत्त्याची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. आमच्या गोव्याचं नाव एका अख्ख्या प्रकाराला आहे, गोवा ट्रान्स. जर्मनीत तर नुसतं 'गोवा' म्हटलं तरी लोकांना संगीत कळतं. पण त्या पत्त्यावर कोण राहत होतं ते नाव सांगतं का? हणजुण्याच्या किनाऱ्यावर रात्र रात्र वाजवणारे बहुतेक परदेशी. सगळ्यांत प्रसिद्ध गोवा गिल, तो मूळचा अमेरिकन, २०२३ मध्ये गेला. किनाऱ्यावरच्या उष्म्यात आणि धुळीत रेकॉर्डी टिकत नाहीत म्हणून ते कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल टेपवर वाजवायचे. चटया अंथरून, दिवा लावून पहाटेपर्यंत चहा विकणाऱ्या बायका मात्र आमच्या गावच्या. त्यांचा उल्लेख कुठल्याच व्याख्येत नाही. तेव्हा नाव शिकलं की इतिहास कळला, या भ्रमात राहू नये.

रात्रपाळी

हे मान्य. चहावाल्या बायकांचं मी माझ्या मुद्द्यात धरलं नव्हतं, धरायला हवं होतं.

ठाणे_फास्ट

तुम्ही सगळे नावावर अडलात, मला अडचण आवाजाची दिसते. डबस्टेप दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागातून आलं. त्याचा जीव सगळ्यात खालच्या बेसमध्ये आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ते लावलं तर उरतं काय? टिकटिक. मुलगी म्हणणार, यात ऐकायचं काय. आपल्याकडे तर डीजे म्हटलं की लोकांना मिरवणुकीतली भिंत आठवते, छातीत धडकी भरवणारी. बरा हेडफोन आणि बेताचा आवाज, एवढं आधी सांगा.

खमाज

नवख्याला मी वेग मोजायला सांगते. पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचे. १२० ते १२८ च्या आसपास असेल आणि प्रत्येक मात्रेवर ढोलाचा ठोका पडत असेल तर बहुधा हाउस. १४० च्या पुढेमागे, लांबच लांब चढत जाणारे सूर, तर ट्रान्स. १७० च्या आसपास आणि ठोके तुटक, उलटसुलट पडताहेत, तर ड्रम अँड बेस. चुकतं कधीकधी, पण कान जागा होतो.

त्या तुटक ठोक्यांमागेही माणूस आहे. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या गटाच्या रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमनने वाजवलेला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा लंडनवाल्यांनी कापून, वेग वाढवून हजारो वेळा वापरला. ड्रम अँड बेस ज्यातून निघालं तो जंगल हा अख्खा प्रकार त्यावर तरला. कोलमनला त्याची रॉयल्टी कधीच मिळाली नाही.

ताशा

मग मी चरणजित सिंग यांचं उदाहरण देतो. हिंदी सिनेमासाठी वाजवणारा वादक, १९८२ ची मुंबई. त्यांनी रोलंडचीच टीआर-८०८ ही ड्रम मशीन आणि टीबी-३०३ जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाने रेकॉर्ड निघाली, कोणी विचारली नाही. आज ऐकलं तर अ‍ॅसिड हाउसच वाटतं, फ्यूचरच्या पाच वर्षं आधी! या माणसाला ना हाउस माहीत, ना अ‍ॅसिड. नावाशिवाय झालं की नाही सगळं?

रात्रपाळी

झालं, आणि वीसेक वर्षं धूळ खात पडलं. ती रेकॉर्ड एका डच संग्राहकाला दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगाने कान टवकारले. का टवकारले? कारण 'अ‍ॅसिड' म्हणजे काय आवाज ते तोवर लोकांना माहीत होतं. ओळखायला शब्द होता. करणाऱ्याला नाव लागलं नाही हे तुमचं खरं. शोधणाऱ्याला लागलं. ती मुलगी आत्ता शोधणारी आहे. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले, त्याआधी थोडी वर्षं तरी त्यांना दाद मिळाली याचं मला फार बरं वाटतं.

खमाज

त्या रेकॉर्डवर टीबी-३०३ सुरांवरून घसरत जातं, ती घसरण मींडेला इतकी जवळची आहे की मला दर वेळी नवल वाटतं. बेसची साथ करायला बनवलेलं यंत्र, आणि त्यातून भैरव, ललत निघतात.

ताशा

काल सरावानंतर पथकाला त्यातला भैरव ऐकवला. नाव, साल, काहीच सांगितलं नाही. सगळ्यांच्या माना डोलत होत्या. दोन पोरांनी फोन काढून विचारलं, "दादा, हे काय आहे? अजून असं कुठे मिळेल?" तेव्हा सांगितलं, अ‍ॅसिड हाउस शोधा. पण विचारल्यावर सांगितलं, आधी नाही.