१९०९चा ओआहू संप : छापखान्याने घडवला की मजुरांनी?

ऊसकांडं : हवाईच्या ओआहू बेटावर मे १९०९मध्ये सुमारे ७,००० जपानी ऊसमजुरांनी काम बंद केलं. माझ्या मते हा संप होनोलुलूच्या 'निप्पु जिजी' या जपानी पेपराने घडवला. कायद्याचे पदवीधर मोतोयुकी नेगोरो यांनी त्यात लेखांमधून हिशेबच मांडला : महिन्याच्या २६ हजेऱ्यांना जपान्याला १८ डॉलर आणि त्याच कामाला पोर्तुगीज किंवा प्वेर्तो रिकन मजुराला २२.५०. संपादक यासुतारो सोगांनी विषय लावून धरला आणि १९०८ संपता संपता पगारवाढ संघटना उभी राहिली.

मळेवाला_नाही : हातात किती पडतं हे मजुराला पेपरातून कळावं लागत नाही. सुरुवात आइएआच्या मळ्यावर झाली, होनोलुलूच्या कचेरीत नाही. कचेरीने दिले ते डावपेच, आणि नेमके तेच फसले. ओआहूने संप करायचा, बाकीच्या बेटांनी कामावर राहून पैसे पाठवायचे. पण मळेवाल्यांच्या संघाने संपाचं नुकसान सगळ्या सभासदांत वाटून घेतलं, त्यामुळे एकाही मळ्याच्या गळ्याशी आलं नाही. उलट मजुरांना मळ्यावरच्या खोल्यांतून बायकापोरांसकट बाहेर काढलं. होनोलुलूत हजारो तोंडं जगवण्यातच फंड आटला. बदली माणसांना रोज दिला दीड डॉलर. जपान्याला पडत होते ६९ सेंट! म्हणजे पैसा होता, द्यायचा नव्हता.

टाइपखिळा : मग सरकारने उचललं कुणाला? कटाच्या खटल्यात दहा महिने कैद आणि ३०० डॉलर दंड झालेल्या चौघांत सोगा, नेगोरो आणि बातमीदार योकिची तासाका हे पेपरात लिहिणारे. फ्रेड माकिनो तेवढे औषधदुकानदार. आणि वेळ बघा. आधी पटलं नाही तर मजूर बोटीने कॅलिफोर्निया गाठायचा. मार्च १९०७मध्ये रूझवेल्टच्या हुकुमाने ती वाट बंद झाली. आता भाव वाढवायचा तर मळ्यावरच. बेटाबेटांवर विखुरलेल्या माणसांपर्यंत हे पोचवायला पेपराशिवाय होतं काय?

मळेवाला_नाही : जपानी पत्रकार म्हणजे एकटे सोगा नव्हेत. 'हवाई शिंपो'चे सोमेतारो शिबा मळेवाल्यांचे पैसे घेऊन संपाविरुद्ध लिहीत होते. ऑगस्टमध्ये एका संपवाल्याने त्यांना भोसकलं आणि लगेच संपही मोडला. शिवाय सगळा प्रचार 'आपण जपानी' या सुरात, जपानी भाषेत. पोर्तुगीज, चिनी, कोरियन, हवाईयन यांना कुणी विचारलंच नाही. बदलीवर आले तेच.

ऊसकांडं : वंशावरून पगार ठरत होता, मग तक्रार वंशाचं नाव न घेता करायची कशी? आणि संप मोडल्यावर काही महिन्यांतच मळेवाल्यांनी तो फरक काढून पगार वाढवला. हे त्या हिशेबाचंच फळ.

मळेवाला_नाही : वाढवला, आणि सोबत फिलिपिनो मजुरांची भरतीही जोरात केली. १९२०मध्ये ७७ सेंटांऐवजी सव्वा डॉलर रोज मागताना जपानी आणि फिलिपिनो दोघेही संपावर उतरले. संघटना वेगळ्या, मळे तेच. १९०९च्या अग्रलेखांत हे कुठे होतं?