टॉवेल कडक, शर्टांना कुबट वास. पावडर घेऊ की लिक्विड?

टोपलीभर_कपडे
मंडळी, दादरच्या चाळीतून भांडुपला नव्या बिल्डिंगमध्ये आलोय. तिकडे मावशी हाताने धुवायच्या, इथे फ्रंट लोड मशीन घेतलं. पावडर मात्र जुनीच चाललीये, मोठी पिशवी उरली होती म्हणून. टॉवेल असे निघतात की अंग पुसताना खरवडल्यासारखं होतं. ह्यांचे शर्ट कपाटात ठेवताना चांगले असतात, पण लोकलमध्ये घाम आला की काखेतून कुबट वास सुरू. पावसामुळे कपडे आतल्या खोलीत दांडीवर, लवकर वाळत नाहीत ते वेगळंच. जाऊबाई म्हणतात लिक्विडच घे. सासूबाई म्हणतात वडी घासल्याशिवाय मळ निघत नाही. दुकानात तर एकाच कंपनीचे इतके प्रकार की डोकं फिरतं. नेमकं काय घेऊ? हो, आमच्याकडे टँकर येतो आणि ते पाणी पालिकेच्या पाण्यातच मिसळतं.

कुर्ल्याची_वहिनी
लिक्विड घे आणि मोकळी हो. पावसाळ्यात पावडरीचा दगड होतो, चमच्याने फोडत बसावं लागतं. वास येत असेल तर वर एक झाकण सॉफ्टनर.

गिरणगाव_काका
वहिनी, जरा थांबा. मी १९८२च्या संपाआधी परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होतो. आमच्याकडे मास्तर रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी पाणी बघायचे. घरच्या धुण्यालाही तेच लागू. कंपनी मागाहून निवडा.

भांडुपला पालिकेचं एवढं मोठं जलशुद्धीकरण केंद्र आणि तुमच्या बिल्डिंगला टँकर, हे मुंबईतच व्हायचं! असो. भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचं पाणी मऊ असतं. टँकरमध्ये बहुतेक वेळा विहिरीचं नाहीतर बोअरिंगचं पाणी असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पावडरीतला बराच जोर त्या क्षारांशी झगडण्यात जातो, मळापर्यंत पोचतो तो उरलेला. क्षार टॉवेलच्या धाग्यात बसतात आणि टॉवेल कडक होतो.

खात्री करायची तर खिडकीबाहेर पातेलं धरा, पावसाचं पाणी घ्या. एका बाटलीत ते आणि दुसऱ्या सारख्या बाटलीत नळाचं, दोन्ही अर्ध्या भरा. अंगाचा साबण किसून दोन्हींत सारखाच चिमूटभर टाका. साबणच हवा, कपड्यांची डिटर्जंटची वडी चालणार नाही. झाकण लावून जोरात हलवा. पावसाच्या पाण्याला भरभरून फेस येईल. नळाच्या पाण्याला फेस कमी आणि वर दह्यासारखी पांढरी साय आली, तर पाणी जड, म्हणजे क्षारांचं.

जड निघालं तर मी पावडरीच्या बाजूने. चांगल्या पावडरीत क्षार बांधून ठेवणारे सोडा, झिओलाइट असे घटक जास्त असतात. काहींत ऑक्सिजनवाला ब्लीच असतो, तो लिक्विडमध्ये सहसा नसतो. कुबट वासावर आणि पांढऱ्या टॉवेलांवर तोच कामाचा, त्यातही गरम पाण्यात. मात्र पिशवीवर 'फ्रंट लोड' लिहिलेलंच घ्या. हाताने धुवायच्या पावडरीला फेस फार, आणि फ्रंट लोडमध्ये पाणी कमी. फेस झाला की कपडे आपटत नाहीत, नुसते तरंगतात, आणि पावडर कपड्यातच राहते. फेस जास्त म्हणजे कपडा स्वच्छ, ही समजूत बादलीतली आहे. तुमची ती पिशवी मावशींना देऊन टाका.

सॉफ्टनर टॉवेलला मुळीच नको. धाग्यावर मेणचट थर बसतो, मग टॉवेल पाणी टिपत नाही.

सूती_साडी
काका, मग पांढरे शर्ट? जाहिरातीत चकाकतात तसे आमचे कधीच होत नाहीत. आणि पैठणी याच पावडरीत टाकली तर?

गिरणगाव_काका
चकाकी म्हणजे स्वच्छता नव्हे, ताई. पावडरीत एक द्रव्य असतं, ते उन्हातली अतिनील किरणं शोषून निळसर उजेड टाकतं, म्हणून पांढरं जास्त पांढरं दिसतं. आपल्याकडे निळ घालायचे, हा तिचाच पुढचा अवतार. मळ असला तरी जागेवरच असतो. मोतिया रंगाच्या खादीला ती पावडर लावू नका, रंग बदललेला दिसतो.

पैठणी? हात जोडतो, नको. एन्झाइमवाल्या पावडरीतलं प्रोटीएज रक्ताचे, दुधाचे डाग काढतं कारण ते प्रथिनं तोडतं. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनंच. पैठणी ड्रायक्लीनला द्या.

कुर्ल्याची_वहिनी
बरं बाबा, आमच्याकडे पालिकेचंच पाणी, माझं लिक्विड मला लखलाभ. पण पावडरीच्या दगडाचं काय ते सांगा.

गिरणगाव_काका
तुमच्या मऊ पाण्यात लिक्विड बरोबरच आहे, रंगीत कपड्यांना तर चांगलंच. पावडरवाल्यांनी जून ते सप्टेंबर लहान पाकीट घ्यावं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओतावं. मोठी पिशवी दिवाळीनंतर. भाव बघताना किलो आणि लिटर समोरासमोर ठेवू नका. एका धुण्याला किती लागतं ते मागे छापलेलं असतं, त्यावरून धुण्याचा भाव काढा.

टोपलीभर_कपडे
काका, बाटल्या हलवल्या! पावसाच्या पाण्याला तोंडापर्यंत फेस. आमच्या नळाच्या पाण्यावर पांढरी साय आणि खाली गढूळ. सासूबाईंनी स्वतः बघितलं, तरी वडी सोडायला तयार नाहीत. मशीनच्या दाराचं रबर उलटून बघितलं तर आत काळं बुळबुळीत.

गिरणगाव_काका
वास तिथूनही येत असणार. रबर पुसून कोरडं करा आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा. मशीनच्या पुस्तकात चालेल म्हटलं असेल तर सायट्रिक ॲसिड टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवा, साठलेला क्षार निघेल. त्याच्या जोडीला क्लोरीनचा ब्लीच अजिबात नको, विषारी वायू निघतो. शर्ट जरा अंतर सोडून वाळत घाला, खाली पंखा लावा. आणि सासूबाईंशी वाद नको, कॉलर आणि काख वडीने घासून मगच मशीनमध्ये टाका. तेवढं त्यांचं बरोबर आहे.