पुराच्या गाळावर पपडी धरते, शेणखतानं सुटेल का?

नदीकाठचा: पलूस तालुक्यात कृष्णेकाठी दीड एकर मळीचं (गाळाचं) रान आहे. २०१९ च्या पुरात वर वीतभर गाळ बसला. सगळे म्हणाले, सोनं आलं. यंदा भुईमूग टोकला, रात्री सर आली आणि ऊन पडल्यावर रानाचा कोबा झाला. पपडी उचलली तर खाली कोंब वाकडे, पिवळे. माती तपासली तर सेंद्रिय कर्ब ०.३२ टक्केच. शेजारी म्हणतात, वाळू मिसळ.

मळीकर: वाळूच्या नादी लागू नका दादा. एकराचा वरचा १५ सेंटिमीटर थर अंदाजे ८०० टन भरतो. दहा टक्के वाळू म्हणजे ८० टन. परवडेल?

गाळाचा कण वाळूसारखा मोकळा नाही आणि चिकणमातीसारखा दुसऱ्याला धरूनही राहत नाही. थेंबाच्या माऱ्यानं ढेकूळ फुटतं, बारीक कण पोकळीत जाऊन बसतात, वाळले की पपडी. काळं रान निदान भेगाळून मोकळं होतं, गाळाला तीही अक्कल नाही. काडीकचरा कुजताना जिवाणूंचा चिकटा सुटतो, बुरशीचे धागे पसरतात, त्यांनी कणांचे रवे बांधले जातात.

एक करून बघा. रानातलं आणि बांधावरच्या गवताखालचं, अशी दोन वाळलेली ढेकळं दोन ग्लास पाण्यात सोडा. रवे बांधलेलं ढेकूळ उभं राहतं, बाकीचं विरघळतं. माझं रानातलं चहा निवायच्या आत बसलं होतं.

शेणखतानं सुटेल, पण माझ्यासारखं करू नका. मी पहिल्या वर्षी आठ ट्रॉल्या ओतल्या आणि वरून रोटर मारून पीठ केलं. खत गेलं, पपडी राहिली. मग रोटर बंद केला, वाफसा (बेताची ओल) आल्याशिवाय रानात पाय घातला नाही, हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून गाडला, उसाचं पाचट जाळणं सोडलं. तिसऱ्या वर्षी पाणी साचायचं थांबलं. पाणी धरायला गाळ तसाही बरा असतो, अडतं ते मुरण्यापाशी.

बागायतदार: तोवर पपडी ओली असतानाच हलकं पाणी फिरवा, कोंब वर येतात. वाळल्यावर कोळपं घातलं तर कोंबच मोडतात.

नदीकाठचा: ग्लास मांडले. रानातलं दोन मिनिटांत चिखल. बांधावरचं अजून उभं आहे, आई विचारतेय हे काय चाललंय. तागाचं बी एकरी किती?

मळीकर: वीस ते पंचवीस किलो. फुलकळी दिसली की गाडा, दांडा राठ झाला तर कुजायला वेळ घेतो.