पुढची संख्या सांगतात पण सूत्र डोक्यात बसत नाही, काय करू?

सातवीला गणित शिकवते. ४, ७, १०, १३ लिहिलं की १६ लगेच सांगतात, पण पन्नासावी संख्या विचारली की सगळे तीन-तीन मिळवत बसतात. सूत्र दिलं तर पाठ करतात नि आठवड्यात विसरतात.

उत्तर १: मॅडम, काड्यापेटीतल्या काड्या द्या ना. एकाला एक चिकटून चौकोन करू द्या, पहिली उभी काडी एकच, मग दर चौकोनाला तीन, म्हणजे पन्नास चौकोनांना १५१ काड्या, हे पोरं स्वतःच बोलतात. सूत्र फळ्यावर त्यानंतर लिहा.

उत्तर २: चिंचोकेपण मस्त! १, ३, ६, १० असे पायऱ्यांसारखे त्रिकोण मांडायचे, शेजारचे दोन जोडले की चौरस, ६ आणि १० चे १६. माझ्या वर्गात एक मुलगी आनंदानं ओरडलीच.

उत्तर ३: पण अंदाज बरोबर आला म्हणजे झालं असं वाटू देऊ नका हं. वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडा, भाग मोजा: १, २, ४, ८, १६, आणि सहा बिंदूंना ३२ नाही, ३१! (बिंदू सारख्या अंतरावर घेऊ नका, मग ३०च येतात.) कारण शोधायची सवय इथूनच लागते.

प्रश्नकर्ती: काड्या उद्याच नेते वर्गात, वर्तुळाचं आधी घरी करून बघते.