मदत हवी आहे: म्युझिक व्हिडिओसाठी लेटेक्सचे कॉश्च्युम पीस (ठाणे / नवी मुंबई)

खाडीपार_स्टायलिस्ट:
नमस्कार मंडळी. एका कोळी रॅप गाण्याच्या व्हिडिओची स्टायलिंग माझ्याकडे आली आहे. शूट ऐरोलीला खाडीकडे, थोडं दिवसा आणि थोडं रात्री. दिग्दर्शकाचा हट्ट एकच, गाणारी मुलगी पापलेटासारखी चकाकली पाहिजे. सॅटिन नको, टिकल्या नकोत. म्हणून लेटेक्स, म्हणजे पातळ, ताणलं जाणारं चकचकीत रबर. पूर्ण ड्रेस नाही, सुटे पीस हवेत: खांद्यांवर खवल्यांचे थर, कोपराच्या वरपर्यंत हातमोजे, उंच कॉलर आणि रुंद कंबरपट्टा. खाली लुगडंच. मागे नाचणाऱ्या मुलींनाही यातलं काहीतरी द्यायचं म्हणतात.

गोखले रोड, जांभळी नाका, सगळीकडे विचारलं. रेक्झिन दाखवतात. एकाने तर रेनकोटवाल्याकडे पाठवलं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी हे काम करतं का? नसेल तर स्वतः करण्यासारखं आहे का? आणि कॉलरवर ठुशी, हातमोज्यांवर तोडे घालायचे आहेत, ते चालेल ना? बजेट मराठी व्हिडिओचं असतं तेवढंच.

साचेवाला:
आधी ठुशीचं बोलतो, कारण खरा घोळ तिथे आहे. इमिटेशन दागिने म्हणजे आत तांबं नाहीतर पितळ. लेटेक्सला त्याचा स्पर्श झाला की तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. चंदेरी रंगावर तर लगेच दिसतो. पितळी झिपही लावू नका, प्लास्टिकची लावा. पितळ हाताळलेल्या हातांनी पीस उचललात तरी डाग येऊ शकतो. कॉलर काळी केलीत तर ठुशी खपून जाईल. तोड्यांऐवजी हिरवा चुडा घाला. काच रबराला काही करत नाही आणि कोळणीच्या हातात तो शोभतोही.

टेलर हे काम घेत नाहीत ते बरोबरच आहे. लेटेक्सला शिलाई चालत नाही, सुईच्या भोकापासून फाटत जातं. कडा सेंटिमीटरभर एकमेकींवर घेऊन रबर सिमेंटने चिकटवतात. पंक्चरवाला लावतो त्याच जातीचं. दोन्ही बाजू पुसायच्या, पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मगच दाबायचं. ओलं असताना चिकटवलंत तर कड वळते. सिमेंटमधलं सोल्व्हंट (उडून जाणारं द्रावण) पेट घेतं, म्हणून बंद खोलीत नको आणि देवघरात निरांजन लावलेलं असताना तर नकोच.

कपड्याला साधारण 0.4 मिलिमीटरची शीट घेतात. पट्ट्याला 0.8 ते 1 घ्या, नाहीतर गुंडाळी होईल. माप अंगापेक्षा थोडं कमी धरायचं, ताणल्याशिवाय चकाकी बसत नाही. हातमोज्याच्या बोटांच्या नादी लागू नका. मनगटापर्यंतची बाही करा, ती साधी नळी असते.

खवले मात्र ओता. साच्याचं काम होतं ते प्री-व्हल्कनाइज्ड लिक्विड लेटेक्स मागा, म्हणजे आधीच प्रक्रिया केलेलं, नुसतं वाळलं की तयार होणारं पातळ रबर. प्लास्टरचा साचा करा. प्लास्टर पाणी शोषतं आणि कडेला रबराची कातडी धरते. हवी तेवढी जाड झाली की उरलेलं परत डब्यात. काढण्याआधी टाल्कम पावडर मारा, नाहीतर स्वतःलाच चिकटेल. अमोनियाचा वास येईल, तो असतोच. रंगासाठी अभ्रकाची पावडर वापरा. सोनेरी ब्राँझ पावडर नको, पुन्हा तेच तांबं.

नाचरी_नेरूळ:
ताई, नाचणाऱ्यांना लेटेक्स देऊ नका, हात जोडते. घाम बाहेर जायला वाटच नसते. आपल्याकडच्या दमट हवेत तिसऱ्या टेकला मुली बसतील. वेट-लूक लायक्रा घ्या, म्हणजे ओल्यासारखं चकाकणारं ताणाचं कापड, डान्स कॉश्च्युमवाला कोणताही टेलर शिवेल. लाँग शॉटमध्ये कोण बघतंय!

आणि सगळ्यांना आधी अ‍ॅलर्जी विचारा. नैसर्गिक रबराची अ‍ॅलर्जी खरी असते, कधीकधी जिवावर बेतणारी. केळं, किवी, अ‍ॅव्होकाडो खाऊन ज्यांच्या तोंडाला खाज येते त्यांच्या बाबतीत जास्त सांभाळा. अशा मुलीच्या अंगावर लेटेक्स चिकटवायचं तर नाहीच, घालायलाही देऊ नका.

रबरी_दादा:
खोबरेल! ते कोणीच बोललं नाही. कोळी गाणं म्हणजे अंबाडा आणि चप्प तेल. तेलाने लेटेक्स फुगतं, मऊ पडतं. सनस्क्रीन, व्हॅसलिन, तेलकट मेकअप, सगळ्यांचं तेच. केसांना जेल लावा. घालताना आतून टाल्कम, चकाकीला वरून सिलिकॉनचं पॉलिश.

खाडीपार_स्टायलिस्ट:
@साचेवाला, तुम्ही एका दमात सगळंच मिटवलंत. कॉलर काळी, बाही आणि खवले चंदेरी, चुडा हिरवा. मुलींना लायक्रा, हे दिग्दर्शकाला मी पटवते. आता एकच शंका. शेवटच्या शॉटमध्ये ती खाडीच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरते. पट्टा टिकेल का?

साचेवाला:
पाण्याने काही होत नाही. चिकटवल्यावर दोन दिवस तसाच ठेवा म्हणजे झालं. शॉट संपला की साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, पावडर मारून काळ्या पिशवीत ठेवा. काळे-चंदेरी एकत्र नको, रंग उतरतो. नखं मात्र आदल्या दिवशी कापायला सांगा तिला. बारीकशी चीर ताणली की आरपार जाते. सिमेंट आणि शीटचा तुकडा सेटवर ठेवा, आतून ठिगळ लावता येतं.